गोत्र म्हणजे वाय गुणसूत्र? नाही हो!

तुळशीचं लग्न उरकलं की आमच्या कोथरूडच्या ग्रुपवर तो मेसेज पुन्हा फिरायला लागतो: ‘गोत्र म्हणजेच वाय गुणसूत्र. ऋषींना जनुकशास्त्र ठाऊक होतं. सगोत्र लग्नाने वाय दुबळं होतं, संततीत दोष येतात. म्हणून जातीत करा, पण गोत्राबाहेर.’ खाली हात जोडणाऱ्यांची रांग.

वाय बापाकडून मुलाकडे जातं, इतपत खरं. पण नवरीकडे वाय नसतंच! मुलाला ते बापाचंच मिळणार, मग आई काश्यप असो की भारद्वाज. ‘दुबळं होतं’ हे इथेच निकालात निघालं.

बरं, गोत्र आणि वाय एकच, हे तरी? दत्तक गेलेल्या मुलाचं गोत्र बदलतं, वाय बदलत नाही. क्षत्रियांनी पुरोहिताचं गोत्र लावावं, अशी तर शास्त्रातच सोय आहे.

आता दोष. बीटा थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं जनुक वायवर नाही, 11व्या गुणसूत्रावर आहे. ते आईकडूनही येतं. आणि आईच्या बाजूचं गोत्र अनेक घरांत बघतच नाहीत. मामाची मुलगी वेगळ्या गोत्राची, म्हणून आपल्याकडे कित्येक घरांत चालते. डेक्कन कॉलेजच्या इरावती कर्व्यांनी नातेव्यवस्थेच्या अभ्यासात याची सविस्तर नोंद केली आहे. अशा आते-मामे भावंडांत सरासरी एक अष्टमांश जनुकं एकाच आजी-आजोबांकडून आलेली असतात. उलट वीस पिढ्यांमागचा मूळपुरुष एक असेल, तर त्याच्याकडून आलेलं सामाईक असं नवरा-नवरीत जवळजवळ काही उरत नाही. म्हणजे नियम शून्याला अडवतो आणि अष्टमांशावर अक्षता टाकतो! (सपिंडाचा, म्हणजे जवळच्या रक्तनात्यात लग्न नको असा, नियम निदान आईकडच्या पिढ्याही मोजतो. सगोत्र विवाहाची आडकाठी कायद्याने 1946 मध्येच काढली.)

राहिलं ‘जातीत, पण गोत्राबाहेर’. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांसोबत 2009 मध्ये दाखवलं, की आपल्याकडचे अनेक समाज मोजक्या पूर्वजांपासून वाढले आणि पिढ्यानपिढ्या आपसातच लग्नं करत राहिले. त्यामुळे एखादं सदोष जनुक साऱ्या समाजात पसरलेलं असू शकतं, गोत्रं कितीही वेगळी असोत. पिंपरीत मोठी वस्ती असलेल्या सिंधी समाजात थॅलेसेमियाचे वाहक (सदोष जनुकाची एकच प्रत असलेले) जास्त आढळतात ते यामुळेही. वाहक माणूस एरवी धडधाकट असतो, त्याला पत्ताही नसतो. दोघंही वाहक असले तर दर गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे या आजाराचं गंभीर रूप, होण्याची शक्यता चारात एक. रक्तातलं एचबीए-टू (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) तपासलं की बहुतेक वेळा वाहक कळतो, आणि ही तपासणी लग्न ठरवण्याआधी करता येते. त्या फॉर्मवर गोत्राचा रकाना नसतो.