खुडूक मादीचे वकील

आज सकाळपासून गावात माझी ओळख ‘लेकुरवाळीला जेलात टाकणारा’ अशी झाली आहे. लेकुरवाळी म्हणजे माझी टर्कीची मादी. तिला लेकरं नाहीत, होणारही नाहीत. पण हे ऐकून घ्यायला कोणी थांबत नाही.

मादी खुडूक बसली, म्हणजे अंडी उबवायचा हट्ट धरून बसली, पऱ्हाटीच्या, कापसाच्या वाळक्या झाडांच्या ढिगात. अंडी काढली तर ढेकळावर बसली. ढेकूळ काढलं तर नुसत्या जागेवर. मे महिना, पारा ४५ अंशांवर, आणि ही बया दिवसातून एकदा उठणार, दोन घोट पाणी पिणार, कुत्रंही वळसा घालून जाईल एवढी घाण टाकणार आणि परत जाऊन बसणार. अंडी बंद, खाणं बंद, अंगावरचं मांस उतरतंय. उपाय साधा आहे. तळाला जाळी असलेला पिंजरा विटांवर उचलून सावलीत ठेवायचा, आत दाणा-पाणी, काडीकचरा काही नाही. पोटाला खालून हवा लागली की तीन-चार दिवसांत खूळ उतरतं. पण आधी तिला ढिगातून काढायला लागतं. ती फुगते, फुसफुसते आणि चोच मारते ती नेमकी नखाच्या मुळाशी. म्हणून डोक्यावर हेल्मेट, हाताला गोणपाट.

अशा थाटात मी ढिगात कमरेपर्यंत शिरलेलो असताना मागून आवाज आला, “हेल्मेट घालून कुठी चालला बावा ढिगात?”

शेजारचे काकाजी. ओट्यावर टेकून त्यांनी तंबाखू मळायला घेतला, तेव्हाच कळलं की सकाळ गेली.

“खुडूक मादी काढून राहिलो, काकाजी.”

“कायले? बसू दे ना तिले. तुयं काय खाऊन राहिली?”

“खातच नाही, तोच तर घोर आहे.”

“कोंबडी २१ दिवस बसते. हे किती दिवस बसते?”

“२८.”

“मंग! सात दिवसानं काय आभाळ पडते? माय हाय ते. मायेची हौस असते.”

मी सांगितलं, अंड्यात जीवच नाही. नर नाही, तर पिल्लू कुठून येणार?

“मंग नर कुठी गेला?”

इथे मी हेल्मेटची काच वर केली. टर्कीचा नर कोणत्याही मोठ्या आवाजाला उत्तर देतो. ट्रॅक्टरच्या हॉर्नला, देवळातल्या घंटेला. आमचा नर काकाजींच्या पहाटेच्या खोकल्याला द्यायचा. ते एकदा खोकले की हा एकदा गळगळणार. “माह्या खोकल्याची नक्कल करते,” ही तक्रार सरपंचापर्यंत गेली आणि मला तो आठवडी बाजारात नेऊन विकावा लागला. १६१२ साली मुकर्रब खान या मुघल सरदारानं गोव्याहून असाच पक्षी नेला, तर खुद्द जहांगीर बादशहा त्याच्या डोक्यागळ्याचे बदलते रंग पाहून चकित झाला, दरबारी चित्रकार उस्ताद मन्सूरनं त्याचं चित्र काढलं. आमच्या बाजारात लोकांनी त्याच्या मांड्या चाचपल्या आणि विचारलं, “गावरानीपेक्षा सस्ता देतं का?” ज्या माणसानं ‘टर्की हातोहात जाते’ म्हणून मला पिल्लं विकली, त्याचा फोन आता लागत नाही. पिल्लांना २८ टक्के प्रथिनांचा दाणा लागतो, हे त्यानं पिल्लं विकल्यावर सांगितलं होतं. असो.

“तुमच्यापायीच इकला ना नर,” मी म्हणालो.

“मी फकस्त म्हनलं व्हतं. इकला तूनं.”

एवढ्यात मादी हाती लागली. पिंजऱ्यात टाकली तसे काकाजी उठून उभे राहिले. “अबे, जेलात टाकली! लेकुरवाळी बाई जेलात टाकली!” आणि मग, आवाज खाली आणून, “त्यापरीस नाकात पीस खुपस. आमची बुढी तसंच करे. दोन दिवसात सीधी.”

“पिंजरा म्हणजे जेल, आणि नाकात पीस म्हणजे माया?”

“मंग पाण्यात बुचकळ.”

काकाजी तिथून पिठाच्या चक्कीवर गेले. दुपारपर्यंत तीन घरच्या बाया पिंजरा पाहून गेल्या. एका आजीनं तर ‘पाप लागते रे पोरा’ म्हणत दार उघडलं. मादी थेट ढिगात. मी उन्हात, उपाशी, बोटाला हळद लावून बसलोय. ‘तू पाणी पेला का बावा’ असं एका माणसानं विचारलेलं नाही. सगळी माया ढेकळावर बसणाऱ्या बाईला.

संध्याकाळी मी पुन्हा हेल्मेट चढवत होतो, तर काकाजी हजर. दुसऱ्या माद्यांनी त्याच ढिगात घातलेली ताजी अंडी टोपल्यात होती. त्यांनी एक उचलून तळहातावर तोललं.

“यात जीव नाही म्हनतं ना तू?”

“नाही.”

“पक्कं?”

“पक्कं.”

त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा पसरला, चार अंडी निवडली, मोठी पाहून, आणि गाठ मारता मारता म्हणाले, “घरी कांदे सरले बावा. दोन असतीन तं दे.”