वर्गणीचं पुस्तक कोणाच्या हातात?

भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेल्या महिन्यात आबांनी १६ फोटो टाकले. तालुक्याच्या मंगल कार्यालयात तीन दिवसांचं ‘युवा नेतृत्व विकास शिबिर’ झालं, त्याचे. १६ पैकी ११ फोटो सत्काराचे. व्यासपीठावर सात खुर्च्या आणि एकाही खुर्चीवर पन्नाशीच्या आतला माणूस नाही. युवा समोर, सतरंजीवर. शेवटच्या फोटोखाली आबांनी लिहिलं होतं, “एवढं करूनही आजकालच्या पोरांत नेतृत्व म्हणून काही नाही. मोबाईलमधून मान वर करतील तेव्हा ना!” खाली चाळीसेक अंगठे.

मी लिहिलं की आबा, पोरांना खाली बसवून नेतृत्व शिकवता येत नाही, त्यांच्या हातात काहीतरी द्यावं लागतं. आबांनी अहिराणीत एका ओळीत माझा निकाल लावला, “तू तठे बठीसन काय सांगस? आठे ये, नि करी दखाड.” म्हणजे तिथे बसून काय सांगतोस, इथे ये आणि करून दाखव. त्याला माझ्यापेक्षा किती जास्त अंगठे पडले ते मी मोजलं नाही असं म्हणायला आवडेल, पण मोजलं. ५३.

‘तठे’ म्हणजे जर्मनीत, स्टुटगार्टजवळ, नेकार नदीच्या काठी. अठरा वर्षं झाली.

जानेवारीतला एक शनिवार सांगतो. माझी मुलगी सतरा वर्षांची आहे आणि इथल्या फायर ब्रिगेडच्या युवा पथकात आहे. दर जानेवारीत हे पथक घरोघरची नाताळची झाडं गोळा करतं. सकाळी आठला, उणे चार तापमानात, ती हातात गल्ल्यांची यादी घेऊन उभी होती आणि पंचावन्न वर्षांचा ट्रॅक्टरवाला तिला विचारत होता, आता कुठली गल्ली? ती सांगेल तिकडे तो वळवत होता. दुपारी लोकांनी पैसे टाकलेले डबे उघडून ते मोजले. दोघांनी मोजायचे, दोघांनी सही करायची. मार्चमध्ये वार्षिक सभा झाली, तेव्हा तिने उभं राहून हिशोब वाचला. मागच्या रांगेतल्या एका आजोबांनी विचारलं, ब्रेत्सेलवर (इथला खारा पाव) १२ युरो ४० सेंट कसे गेले? माझ्या कपाळावर आठी आली. सगळ्या सभेत एकटी सावळी पोर, आणि तिलाच प्रश्न? तिने फाइल उघडून पावती दाखवली. आजोबा “बरं” म्हणाले आणि खाली बसले. मागच्या वर्षीच्या मुलालाही त्यांनी असंच छळलं होतं म्हणे.

हे तीन दिवसांच्या शिबिरात शिकवता येतं का, आबा?

आमच्या इथल्या राज्यात, बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये, २०१४ पासून पालिकेच्या निवडणुकीला सोळाव्या वर्षी मत देता येतं आणि २०२३ पासून उभंही राहता येतं. आपल्याकडे ग्रामपंचायतीला उभं राहायला २१ वर्षं लागतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार त्याआधीच्या रिकाम्या वर्षांबद्दल आहे. महाराष्ट्रातल्या कॉलेजांतल्या थेट निवडणुका १९९४ साली बंद झाल्या. मारामाऱ्या होत होत्या, हे खरं. २०१६ च्या कायद्याने त्या कागदावर परत आणल्या, पण पुढे तारीख काही ठरेना. मग पोराने निवडणूक कुठे बघायची? मोठ्यांच्या प्रचारात. गाडीत कोणी किती पेट्रोल टाकून दिलं, रॅलीनंतर कोणत्या ढाब्यावर शेवभाजी होती, एवढंच शिक्षण. त्यात २०२२ पासून कितीतरी जिल्हा परिषदांवर प्रशासक बसले, म्हणजे मधली काही वर्षं तेही बघायला मिळालं नाही. ग्रामसभेचं तर विचारूच नका. १५ टक्के किंवा १०० मतदार जमले की गणपूर्ती होते, तेवढीही माणसं येत नाहीत. सभा तहकूब करतात आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मग रजिस्टर सह्यांसाठी घरोघर फिरतं. रजिस्टर फिरवायला मात्र पोरं चालतात.

आणि आपण म्हणायचं, पोरांत नेतृत्व नाही.

खान्देशात हे वाक्य उच्चारायचं म्हणजे धाडसच आहे. नंदुरबारला ९ सप्टेंबर १९४२ रोजी पोलिसांच्या गोळ्यांपुढे तिरंगा घेऊन उभा राहिलेला शिरीषकुमार शाळकरी पोर होता. त्याच्याबरोबर आणखी चौघे पडले, तेही कोवळ्या वयाचे. दर वर्षी त्यांना हार घालायला पन्नाशीची माणसं जातात. साने गुरुजी आपल्या अमळनेरचे म्हणून आबा भाषणात हमखास सांगतात. पण गुरुजींनी प्रताप हायस्कुलाच्या छात्रालयात काय केलं? मुलांच्या खोल्या स्वतः झाडल्या आणि त्यांच्यासाठी हाताने लिहून रोजचं दैनिक काढलं. स्वतःचे सत्कार नाही करून घेतले.

शिबिर या शब्दावरही माझा राग नाही. शहाद्याकडे भजनं म्हणत पाड्यापाड्यांवर फिरणाऱ्या, आदिवासींचे नेते अंबरसिंग महाराजांच्या मागे पोरं उभी राहिली. १९७२ साली तिथल्या आदिवासींची श्रमिक संघटना झाली, तिचीही शिबिरं होत. पण तिथून उठलेला माणूस हातून गेलेल्या जमिनीचा उतारा काढायला तहसिलीत जाई आणि बायका जाऊन दारूची मडकी फोडत. परवाच्या शिबिरातून उठलेली पोरं प्रमाणपत्रं घेऊन जेवायला गेली. जेवण चांगलं होतं. फोटोत वांग्याचं भरीत दिसलं, आणि खरं सांगतो, सगळा राग विसरून मी तो फोटो मोठा करून पाहिला. इथल्या तुर्की दुकानातल्या वांग्याला ती चव नाही. काडीकचऱ्यावर भाजायची सोय नाही, बाल्कनीत धूर केला तर वरच्या मजल्यावरून चिठ्ठी येते.

आता जरा गैरसोयीचं. जर्मन लोकांनी हे काही शोधून काढलेलं नाही. मी नववीत असताना आमच्या गल्लीच्या गणपतीचं वर्गणीचं पुस्तक नानांनी माझ्या हातात दिलं होतं. मी नाही म्हणालो तर म्हणाले, “पोरगा शे म्हणीसनच देस.” पोरगा आहेस म्हणूनच देतो. दहा दिवस मी आणि आणखी दोघं दारोदार हिंडलो. कोणी ११ रुपये दिले, कोणी ५, एका घरी चहा आणि उपदेश. कोणाला दोनदा जायचं, कोणाशी बायकांमार्फत बोलायचं, भांडण झालेल्या दोन घरांतून एकाच दिवशी पावती कशी फाडायची, सगळं त्या दहा दिवसांत कळलं. विसर्जनानंतर वहीच्या पानावर हिशोब लिहून मारुतीच्या देवळाच्या भिंतीवर डकवला. ३५ रुपये कमी पडले. आठ दिवस मी त्या देवळापुढून गेलो नाही. नानांनी आपल्या बंडीच्या खिशातून ते भरले असते, पण भरले नाहीत. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, शेतावर सुट्टीच्या दिवशी कापूस वेचून, नंतर मिरच्या तोडून मी ते फेडले. एवढं मोठं कर्ज मी पुढे बँकेकडूनही घेतलं नाही.

ते पुस्तक आता कोणाकडे आहे? कोणाकडेच नाही. डीजेचा खर्च ११-११ रुपयांत निघत नाही, त्यामुळे दारोदार जाणं थांबलं. चार मोठे दाते असतात, त्यांचे फोटो फ्लेक्सवर असतात, मध्ये एक ‘भावी सरपंच’ असतो. पोरांनी फक्त नाचायचं आणि ट्रॉलीवरून लाइटची वायर वर धरायची. दात्यांच्या रांगेत गेल्या वर्षी उजवीकडून दुसरा, सूट घातलेला, खाली ‘जर्मनी’ लिहिलेला फोटो माझा होता. मी ११,००० पाठवले होते. रात्री जेवताना, एका हाताने, दोन मिनिटांत. फ्लेक्सचा फोटो आला तेव्हा मी तो इथल्या सहकाऱ्यांना दाखवला. त्यांना वाटलं मी निवडणुकीला उभा आहे. मी लगेच नाही म्हणालो नाही.

खरं म्हणजे मी कुठेच उभा राहत नाही. माझा पासपोर्ट अजून निळा, भारताचा आहे. इथे पालिकेला मत नाही, तिथे मतदानाला पोचणं होत नाही. जून २०२४ मध्ये मुलीच्या वर्गातल्या पोरी पहिल्यांदा मत द्यायला गेल्या, तेव्हा हिचीही सोळा पूर्ण झाली होती. ही त्यांना केंद्रापर्यंत सोबत गेली आणि बाहेर सायकलींजवळ थांबली. इथल्या नागरिकत्वाचा अर्ज का करत नाहीस, असं ती मला विचारते. गावाकडचं शेत, आईचं घर, असली कारणं मी देतो. शेतात मी शेवटचा कधी गेलो ते तिला माहीत आहे.

आणि चार वर्षांपूर्वी तिच्या शाळेच्या पालक मंडळाने मला कासेनवार्ट, म्हणजे खजिनदार, व्हायला सांगितलं होतं. माझं जर्मन कच्चं आहे, असं सांगून मी सुटलो. तेच जर्मन ऑफिसात १२ जणांचं मूल्यमापन करायला पुरतं. मला भीती होती ती दहा युरो कमी पडण्याची. इतरांचे कमी पडले तर ती चूक असते. माझे पडले तर काय म्हणतील, हा विचार मी पूर्ण केला नाही. इथे भिंतीवर हिशोब डकवायला मारुती नाही, आणि पस्तीस रुपये फेडू देणारे नानाही नाहीत.

तेव्हा आबा, ‘करी दखाड’ला माझ्याकडे उत्तर नाही. पण ग्रुपवर त्या दिवशी तुमच्या ओळीखाली आणखी एक मजकूर आला होता, तो अंगठ्यांच्या गर्दीत वर सरकला. माझ्या पुतण्याचा. वय १९, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. त्याने लिहिलं होतं, “आबा, गेल्या वर्षीच्या मंडळाचा हिशोब ग्रुपवर टाकाल का?” तुम्ही लिहिलंत, “लहान आहेस. आधी अभ्यास कर.” मी वाचलं. त्याच्या बाजूने लिहायला घेतलं, मग वाटलं घरचं माणूस आहे, जाऊ दे. ज्या पोराने मोबाईलमधून मान वर केली होती त्याला आपण दोघांनी मिळून खाली बसवलं, तुम्ही बोलून, मी गप्प राहून.

काल रात्री त्याचा मला वेगळा मेसेज आला.

“काका, तुम्ही ११,००० दिले होते ना? त्याची पावती आहे का तुमच्याकडे? मी यादी करतोय.”

मी फोनमध्ये शोधलं, मेलमध्ये शोधलं. फ्लेक्सचा फोटो तेवढा सापडला.