‘झाकण उघडा, पाणी ओता’: गाडीच्या त्या मेसेजमधला एकेक सल्ला

गाडी रस्त्यात अडली तर मेकॅनिकची वाट बघत बसू नका, पाच मिनिटांत स्वतःच मार्गी लागा, असं सांगणारा एक मेसेज ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. त्यातले सल्ले थोडक्यात असे: इंजिन गरम झालं तर रेडिएटरचं झाकण लगेच उघडून थंड पाणी ओता. कूलंट म्हणजे रंगीत पाणीच, नळाचं पाणी कायम चालतं. तापमानाचा काटा खाली आला की निघा. टायर बसला तर सावकाश चालवत पुढचं दुकान गाठा. स्टेपनी लावायची तर आधी गाडी जॅकवर उचला, मग नट सोडा. बसवताना नटांना ग्रीस लावा आणि शेवटी पान्यावर उभं राहून आवळा. आणि उन्हात टायर फुटू नये म्हणून हवा कमीच ठेवा.

गाडी चालवणाऱ्याने एवढी कामं शिकून घ्यावीत, हे मलाही मनापासून वाटतं. म्हणूनच हा मेसेज वाचून गप्प बसवेना. यातला जवळजवळ प्रत्येक सल्ला घाईचा आहे, आणि रस्त्यावर साधा बिघाड जिवावर येतो तो घाईमुळेच.

सुरुवात त्या ‘पाच मिनिटां’पासूनच करतो. गाडी बाजूला घेतल्यावर पहिलं काम बोनेट उघडण्याचं नाही. चारही इंडिकेटर लावायचे, माणसं वाहतुकीच्या उलट्या बाजूने उतरवायची, रस्त्यापासून लांब उभी करायची, आणि लाल त्रिकोण बराच मागे ठेवायचा. ताशी 100 किलोमीटर वेगाने येणारी गाडी एका सेकंदात जवळपास 28 मीटर पुढे येते. त्रिकोण 50 मीटरवर असेल तर मागच्याला दोन सेकंदही मिळत नाहीत, म्हणून महामार्गावर तो 100 मीटर किंवा त्याहून मागे हवा. आणि आपल्याच गाडीच्या मागे उभं राहून हात हलवायचा नाही. टायर वाहतुकीच्या बाजूचा असेल आणि जागा अरुंद असेल तर तो तिथे बदलूच नये, मदत बोलवावी.

आता झाकण. माझ्या मामांच्या उजव्या हाताची कातडी मनगटापासून कोपरापर्यंत वेगळ्या रंगाची आहे. त्यांनी झाकण उघडताना हाताला जाड कापड गुंडाळलं होतं, म्हणजे काळजी घेतली होती. पण उकळतं पाणी उसळलं ते त्या कापडात मुरलं, आणि कापड सोडवेपर्यंत हाताला चिकटून राहिलं. ‘कापड धरून उघडा’ हा सल्ला आजही लोक देतात, तेव्हा मला तो हात दिसतो.

असं का होतं ते समजून घ्यायला हवं, नाहीतर ‘उघडू नका’ एवढं सांगून भागत नाही. इंजिनातलं पाणी बंद आणि दाबाखाली फिरत असतं. झाकणाची स्प्रिंग बाहेरच्या हवेपेक्षा साधारण 1 बार (म्हणजे जवळपास वातावरणाच्या दाबाइतका) जास्त दाब आत धरून ठेवते. तेवढ्या दाबाला साधं पाणी 100 नव्हे, तर सुमारे 120 अंशांपर्यंत उकळत नाही. म्हणजे आत 110 अंशांचं पाणी शांत असतं. झाकण सुटलं की दाब एका क्षणात जातो आणि त्या पाण्याला पाणी म्हणून राहताच येत नाही. त्यातल्या काहीची जागच्या जागी वाफ होते. पाण्याची वाफ झाली की तिला सोळाशे-सतराशे पट जागा लागते. ती उरलेलं उकळतं पाणी पुढे ढकलत बाहेर येते, सरळ झाकण उघडणाऱ्याच्या तोंडावर. बऱ्याच नव्या गाड्यांत हे दाबाचं झाकण रेडिएटरवर नसून बाजूच्या प्लॅस्टिकच्या टाकीवर असतं. ‘टाकीच आहे, रेडिएटर थोडाच आहे’ म्हणून तेही उघडू नये. दाब तिथेही तितकाच असतो.

मग करायचं काय? काटा चढतोय असं दिसताच एसी बंद करून हीटर पूर्ण लावा. उकाड्यात जीव नकोसा होईल, पण हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच. गाडी सुरक्षित जागी घेईपर्यंतची काही मिनिटं तो मिळवून देतो. गाडी थांबली की इंजिन बंद. बोनेटच्या फटीतून वाफ येत असेल तर ती थांबेपर्यंत बोनेटला हात लावू नका. नंतर ते वर करून निदान अर्धा-पाऊण तास थांबा. पंखा विजेवरचा असेल तर इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो, बोटं लांब ठेवा. झाकण काढण्याआधी मी रेडिएटरचा वरचा रबरी पाइप चिमटीत दाबून पाहतो. तो लाकडासारखा टणक लागला तर आत अजून दाब आहे. बोटाखाली सहज दबला तर झाकण पाव फेरा फिरवायचं आणि थांबायचं. बारीक ‘स्सस्स’ ऐकू येतो. तो पूर्ण विरला की मगच पुढचा फेरा.

थंड पाण्याबद्दलही असंच. आजच्या इंजिनांचं हेड, म्हणजे सिलिंडरांवरचा वरचा भाग, बहुतेक ॲल्युमिनियमचं असतं. तापलेल्या धातूवर गार पाणी पडलं की एक भाग झटकन आकसतो आणि शेजारचा तसाच राहतो. मग हेड वाकतं, क्वचित तडकतं, त्याच्या खालचं पॅकिंग, म्हणजे हेड गॅस्केट, जातं. फुटका पाइप बदलून संपलं असतं असं काम मग इंजिन उघडण्यापर्यंत जातं. पाणी ओतायचं ते इंजिन निवल्यावर आणि हळूहळू.

‘कूलंट म्हणजे रंगीत पाणी’ यात अर्धं सत्य आहे आणि ते मान्य करायला हवं. टाकी रिकामी आहे, जवळ पिण्याच्या पाण्याची बाटली आहे, गॅरेज थोडक्यावर आहे, तर निवलेल्या इंजिनात ते पाणी जरूर घाला. ‘कायम’ मात्र चालत नाही. कूलंटमध्ये साधारण निम्मं पाणी आणि निम्मं ग्लायकॉल असतं, शिवाय गंज रोखणारी रसायनं. या मिश्रणाचा उत्कलनबिंदू पाण्यापेक्षा वर असतो, आणि थंडीत ते शून्याखाली पस्तीसेक अंशांपर्यंत गोठत नाही. नळाच्या जड पाण्याने आत क्षार साचतात, रेडिएटरच्या बारीक नळ्या बुजतात, आणि मग गाडी दर प्रवासात गरम होते. एक गोष्ट मेसेजमध्ये नाही, पण सांगायलाच हवी: इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं. सांडलेलं कूलंट कुत्री-मांजरं चाटतात. ते पुसून धुऊन टाका, आणि उरलेलं पाण्याच्या बाटलीत भरून घरी ठेवू नका.

शिवाय हे पाणी बंद चक्रात फिरतं. पातळी पुन्हा पुन्हा खाली जात असेल तर ते कुठून तरी जातंय: पाइपच्या क्लॅम्पमधून, वॉटर पंपाच्या सीलमधून, रेडिएटरच्या जोडातून. बाहेर कुठेच ओल नाही, सायलेन्सरमधून इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर येतोय आणि ऑइल दुधाळ दिसतंय, तर ते इंजिनाच्या आतच जात असण्याचा दाट संशय घ्यावा. अशा गाडीत पाणी घालत पुढे जात राहणं म्हणजे दुखणं वाढवणं.

काटा खाली आला की निघा, हा सल्ला मला सगळ्यात फसवा वाटतो. काट्याला माहिती देणारा सेन्सर द्रवात बुडालेला असेल तरच खरं सांगतो. कूलंट पार वाहून गेलं की तो रिकाम्या हवेत राहतो, आणि काटा नॉर्मलवर किंवा त्याहूनही खाली येऊ शकतो. आत इंजिन भाजत असतं आणि चालकाला वाटतं, निवलं. आधी टाकीतली पातळी बघा, मग काटा.

आता टायर. बसलेल्या टायरवर सावकाश दुकान गाठून काय होतं, ते एकदा टायर रिमवरून उतरवताना मी जवळून पाहिलं. बाहेरून तो धड दिसत होता, ट्रेडमध्ये, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीच्या भागात, एक खिळा, बस्स. आत हात घातला तर ओंजळभर काळी भुकटी निघाली. ते बाजूच्या भिंतीचं रबर होतं. हवा नसताना रिम ती भिंत दुमडून रस्त्यावर दाबत जातं, आणि ती आतून झिजून झिजून भुकटी होते. खिळ्याचं भोक बुजवता आलं असतं, भिंत बुजवता येत नाही. टायर भंगारात गेला. धोक्याच्या जागेतून बाहेर पडण्यापुरती काही मीटर गाडी ढकलत न्यावीच लागते, ती नक्की न्या. त्यात टायर गेला तर जाऊ द्या. रन-फ्लॅट टायरची गोष्ट वेगळी: त्याच्या भिंती मुद्दाम जाड केलेल्या असतात, आणि साधारण 80 किलोमीटर अंतर, ताशी 80 च्या आत, इतकी मुभा असते. ट्यूबलेसमध्ये खिळा दिसला आणि हवा हळूहळू जात असेल तर खिळा उपटू नका. त्यानेच भोक थोडंफार अडवलेलं असतं. हवा भरून गाठा दुकान.

‘आधी उचला, मग नट सोडा’ हे तर सरळ उलटं. चाक जमिनीवर असताना त्याला जमीन धरून ठेवते. हवेत लोंबणारं चाक पान्याबरोबर फिरतं, आणि ओढाताणीत गाडी जॅकवरून घसरते. क्रम असा: हॅन्डब्रेक, गाडी गिअरमध्ये (ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये), तिरप्या कोपऱ्यातल्या चाकाला दोन्ही बाजूंनी दगड. मग प्रत्येक नट फक्त अर्धा फेरा सैल. मग जॅक, तोही दरवाजाखालच्या कडेला खाच दिलेली असते तिथेच. जमीन भुसभुशीत असेल तर जॅकखाली जाड फळी. गाडी वर गेली की स्टेपनी आडवी करून कडेखाली सरकवून ठेवावी, अदलाबदल करताना काढलेलं चाक. जॅक निसटलाच तर गाडी चाकावर बसते, माणसावर नाही. आणि जॅकवरच्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, खाली पडलेला नट शोधायलाही नाही.

नट आवळण्याचा हिशेब करून बघा. छोट्या-मध्यम गाड्यांत बहुधा 100 न्यूटन-मीटरच्या आसपास जोर सांगितलेला असतो. 40 सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाशी पंचवीसेक किलोचा भार दिला की तेवढा होतो. म्हणजे हाताने चांगला दाबला की पुरे. सत्तर किलोचा माणूस त्याच टोकावर उभा राहिला तर जोर होतो सुमारे 280, जवळपास तिप्पट. त्याने बोल्ट ताणले जातात, आटे जातात. पुढच्या पंक्चरला ते नट सुटतच नाहीत, आणि पान्यावर नाचायची वेळ खरोखर येते. ग्रीसने हे आणखी बिघडतं. सांगितलेला जोर कोरड्या आट्यांसाठी असतो. आटे बुळबुळीत झाले की तितक्याच जोरात बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो. नटांची निमुळती बाजू आत, आवळणं समोरासमोरच्या क्रमाने, आणि शेवटचा जोर चाक जमिनीला टेकल्यावर. 50 ते 100 किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासा.

उन्हात हवा कमी ठेवायचा सल्ला तर टायर फोडण्याचाच आहे. टायर तापतो तो मुख्यतः दुमडण्याने, आणि हवा जितकी कमी तितकं प्रत्येक फेऱ्याला दुमडणं जास्त. 25 अंशांना 33 पीएसआय भरलेली हवा आत 60 अंश झाली की 38-39 पीएसआय होते. ही वाढ टायर बनवणाऱ्यांनी धरलेलीच असते. चालकाच्या दरवाजाच्या खांबावर चिकटवलेला आकडा म्हणजे थंड टायरचा आकडा. तापलेल्या टायरमधली ‘जास्तीची’ हवा सोडली की तो निवल्यावर कमी हवेचा होतो.

स्टेपनीचा आकडा त्याच स्टिकरवर वेगळा दिलेला असतो. बारीक, तात्पुरत्या स्टेपनीत बहुधा 60 पीएसआय लागतात आणि तिच्यावर वेगाची मर्यादा सहसा ताशी 80 ची असते. डिकीच्या तळाशी पडून तिची हवाही उतरते, म्हणून पुढच्या वेळी हवा भरायला थांबाल तेव्हा सामान बाजूला करून तीही तपासून घ्या.