‘गुलामीचे गोडवे’ म्हणणाऱ्या वाचकाला

बेळगावच्या कॅम्पातल्या, म्हणजे लष्करी छावणीतल्या, हाय स्ट्रीटवरच्या माझ्या लेखावर आपण प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. पण त्यातलं एक वाक्य दोन दिवस डोक्यातून जाईना : ‘तुमच्या मते इंग्रज आले नसते तर बेळगावात धड रस्ता झाला नसता, गुलामीचे गोडवे बंद करा.’

आधी चूक कबूल करतो. बेळगावचा किल्ला इंग्रजांच्या हाती पडल्याचं साल मी 1817 लिहिलं होतं. इंग्रज सेनानी मन्रोच्या फौजेने तो 1818 च्या एप्रिलमध्ये घेतला. लेखात दुरुस्त केलंय. पण साल चुकलं म्हणून माणूस गुलाम ठरतो का? आणि ज्याला कधी पाहिलं नाही त्याच्याशी असं बोलायचं, ही कुठली रीत?

मी लिहिलं ते एका रस्त्याबद्दल, अख्ख्या गावाबद्दल नाही. किल्ला 1204 च्या सुमाराचा, इथल्या रट्ट राजांच्या वेळचा. त्यातली कमलबस्ती, म्हणजे तिथलं जुनं जैन मंदिर, बघून या, मग इंग्रजांआधी इथे काय होतं ते मला विचारायची गरज उरणार नाही. बेळगावला लागूनच असलेलं शहापूर तर 1948 पर्यंत सांगली संस्थानात होतं. इंग्रजांचा कलेक्टर काही तिथे गल्ल्या आखायला येत नव्हता, तरी खडेबाजार बेळगावातही आहे आणि शहापुरातही. रस्ते इंग्रजांनी दिले असं मी कशाला म्हणेन?

मी म्हटलं ते एवढंच की कॅम्प पलटणीसाठी वसला आणि हाय स्ट्रीट त्या पलटणीचा बाजार. साहेबांचे बंगले ऐसपैस, 1869 चं सेंट मेरीज चर्च त्यांच्या प्रार्थनेसाठी, आणि आपली माणसं कपडे शिवायला, धुवायला, सामान पुरवायला. कॅम्पातल्या जुन्या बंगल्यांची गोष्टही तीच : वरचं बांधकाम तुमचं, खालची जमीन सरकारची, नोटीस आली की उठायचं. हे सगळं लेखात लिहिलंय. यात गोडवे कुठे दिसले, ती ओळ दाखवा.

माझे आज्जा त्याच रस्त्यावर शिलाईचं काम करायचे. मापं घ्यायला बंगल्यावर जायचं ते मागच्या दाराने, आणि चपला फाटकाबाहेर काढून. मी आठ-नऊ वर्षांचा असेन, काजं करता करता त्यांनी हे सांगितलं. सांगताना मान वर केली नाही. ज्याच्या घरात हे घडलंय त्याला गुलामी म्हणजे काय ते तुम्ही समजावणार? तुमच्या घरचं कोण त्या फाटकाबाहेर चपला काढून उभं राहिलं होतं, तेही एकदा लिहा की.

छावणीखाली कुणाची शेतं गेली, त्यांना काय मिळालं, हे मी लिहिलं नाही असंही तुम्ही म्हणता. तो वेगळा विषय आहे, एका लेखात सगळं बसत नाही. ‘परगावी बसून बेळगाव सांगू नका’ यावर तर बोलायचंच नाही. मी शहापुरात जन्मलो, आजही तिथेच राहतो.

मी लेखाखाली माझं नाव घालतो. तुम्ही ‘खरा बेळगावकर’ एवढंच लिहून मोकळे झालात. पुढची प्रतिक्रिया नाव घालून लिहा, मग बोलू.