रडणाऱ्या वाचकाला अडाणी ठरवू नका

'द टाइम ट्रॅव्हलर्स वाइफ' ही ऑड्री निफेनेगर यांची कादंबरी एका मैत्रिणीने आज परत केली आणि सोबत निकालही सुनावला: ही प्रेमकथा नसून एका अजाण मुलीला फूस लावण्याची कथा आहे, आणि जे ती वाचून रडतात त्यांनी मेंदू बाजूला ठेवलेला असतो. पुस्तकाविषयी बोलण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे. रडणाऱ्यांच्या मेंदूविषयी बोलण्याचा मात्र नाही, कारण त्या रडणाऱ्यांत माझी वहिनी आहे.

माझा भाऊ मालवाहू जहाजावर नोकरी करतो. तो घरी केव्हा येणार हे त्याला स्वतःलाही खात्रीने सांगता येत नाही, कारण त्याच्या जागी येणारा माणूस वेळेवर पोहोचला नाही की त्याचे उतरणे लांबते. कादंबरीतल्या हेन्रीला जनुकीय दोषामुळे इच्छा नसताना काळात फेकले जाते, आणि तो पुढे कधी कधी भेटणार आहे त्या तारखांची यादी पुढे त्याची बायको होणारी छोटी क्लेअर आपल्या वहीत उतरवून घेते. त्या पानावर वहिनीने पुस्तक मिटले आणि म्हणाली, "हिला निदान तारखा तरी मिळाल्या." या एका वाक्यात जेवढी समीक्षा आहे तेवढी मैत्रिणीच्या निकालात मला दिसली नाही.

वयाचा आक्षेप पोकळ नाही, हे मान्य करतो. प्रत्येक प्रसंगाच्या शीर्षस्थानी तारीख आणि दोघांची वये छापलेली असतात. भविष्यातून आलेला हेन्री तिला कुरणात भेटतो त्या १९७७ मधल्या पहिल्या भेटीच्या वेळी क्लेअर ६ वर्षांची आणि हेन्री ३६ वर्षांचा आहे, आणि ते आकडे वाचताना कोणालाही अवघडल्यासारखे होणारच. पण तिथेच थांबणाऱ्यांनी १९९१ चा प्रसंग वाचला की नाही, अशी शंका मला येते. ग्रंथालयात काम करणारा २८ वर्षांचा हेन्री समोर उभा आहे, कुरणातल्या भेटी त्याच्या आयुष्यात अजून व्हायच्या असल्यामुळे त्याने या मुलीला पूर्वी कधीही पाहिलेले नाही, आणि २० वर्षांच्या क्लेअरला त्याच्याविषयी जवळजवळ सगळे ठाऊक आहे. तो कुरणात तिच्याकडे जातो तो तिचा नवरा झाल्यामुळे, आणि ती त्याची बायको होते ती तो कुरणात आल्यामुळे. मग पहिली निवड नेमकी कोणी केली? कोणीच नाही. मला भीती वाटते ती याची. फूस लावणाऱ्याकडे निदान स्वतःचा बेत असतो, इथे बेत आखणाराच सापडत नाही. ही भीती सोडून 'विकृत' असा एक शब्द फेकून मोकळे होणे म्हणजे वाचनाचा कंटाळा आहे, आणि २०२२ ची मालिका पाहून कादंबरीवर बोलणाऱ्यांविषयी तर न बोललेलेच बरे.

मात्र 'काय ते अमर प्रेम' असे लिहून पुढे जाणाऱ्या रसिकांचाही मला तितकाच राग येतो. गर्भालाही तोच दोष असल्यामुळे क्लेअरचे गर्भपात होत राहतात आणि तरी ती पुन्हा मूल मागते. त्या पानांवरून ही मंडळी अलगद कशी सरकतात हे मला कळत नाही. तिथला हट्ट, रक्त आणि नवरा-बायकोमधला कडवटपणा गाळून उरते ते भेटकार्डावरचे प्रेम.

वहिनीने ती पाने गाळली नाहीत. ती रडली ती शेवटी, आणि रडण्याच्या आधी संतापली. मृत्यूनंतर वाचण्यासाठी हेन्रीने ठेवलेल्या पत्रात तो क्लेअरला सांगतो की माझी वाट पाहत बसू नकोस, आणि त्याच पत्रात तिच्या म्हातारपणी आपली एक भेट व्हायची आहे हेही सांगून टाकतो, तेही तारीख न देता. "सांगायचेच नव्हते त्याने," वहिनी म्हणाली. "भाऊजी, एवढे कळल्यावर कोण वाट पाहायचे थांबेल?" क्लेअर ८२ वर्षांची होते तेव्हा ती भेट घडते. काहींना तो शेवट कृतार्थ वाटतो, काहींना ती स्त्रीवर लादलेली जन्मठेप वाटते. वहिनीला दोन्ही वाटले, एकाच वेळी, आणि त्यातले एक निवडावे असे तिला अजूनही वाटत नाही. लेखिकेने वाचकाला आणून सोडले आहे ते याच जागी, असे मला वाटते.

लिहायला बसलो तेव्हा मैत्रिणीशी भांडण्याचाच विचार होता, आता तेवढा जोर उरलेला नाही. तिलाही त्या ६ वर्षांच्या मुलीविषयी काळजी वाटली म्हणूनच ती चिडली असणार, आणि त्या मुलीची बाजू घेणारे कोणीतरी हवेच. पण पत्राचे पान तिने घाईत उलटले असावे असा माझा संशय आहे. ते पुन्हा वाचणार असेल तर पुस्तक आजच परत नेऊन देतो. मात्र वाद घालायला तिने माझ्याकडे न येता वहिनीकडे जावे.