ओकलंडला बेसबॉल नको होतं, हे धादांत खोटं आहे

रिकाम्या हिरव्या खुर्च्यांचा एक फोटो आणि खाली चार ओळी: ‘ओकलंडकरांना बेसबॉल नकोच होतं. सामन्यांना कुणी फिरकत नव्हतं. खाडीपलीकडे सॅन फ्रान्सिस्को जायंट्स असताना इथे दुसरा संघ तगणं शक्यच नव्हतं. महापालिकेने नव्या स्टेडियमसाठी काहीच केलं नाही, त्यात शहर गुन्हेगारीने पोखरलेलं. मग ॲथलेटिक्स या ओकलंडच्या संघाने लास वेगासची वाट धरली, तर मालकाचं काय चुकलं?’

२०२३ पासून हा मजकूर या ना त्या रूपात फिरतोय. बे एरियातल्या, म्हणजे कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्को-ओकलंडच्या खाडीभोवतालच्या, मराठी ग्रुपांवरही तो येतो आणि ‘बरोबर आहे’ म्हणून पुढे जातो. आपल्यातली बरीच मंडळी फ्रीमाँटला, म्हणजे त्या स्टेडियमपासून बार्ट या लोकल रेल्वेने अर्ध्या तासावर राहतात. निदान त्यांनी तरी तो डोळे मिटून पुढे ढकलू नये, म्हणून हे उत्तर.

‘कुणी फिरकत नव्हतं.’ फोटो खरा आहे. २०२२ च्या अख्ख्या हंगामात ओकलंड कोलिझियम या संघाच्या मैदानात ७ लाख ८८ हजारांच्या आसपास प्रेक्षक आले, मेजर लीग या बेसबॉलच्या सर्वोच्च लीगच्या तीस संघांत सगळ्यात कमी. पण २०१९ मध्ये याच मैदानात साडेसोळा लाखांहून जास्त माणसं आली होती. २०१४ मध्ये वीस लाख. २००१ ते २००५ सलग पाच वर्षं दर हंगामात वीस लाखांच्या वर. १९९० मध्ये तर २९ लाख, आणि त्या वर्षी जायंट्सना वीस लाखांचा आकडाही गाठता आला नव्हता. मग २०१९ नंतर असं काय झालं?

कोविड झाला, हे खरं. पण तो तिसाच्या तीस संघांना झाला. ओकलंडमध्ये त्यापुढे जे घडलं ते मालकाने घडवलं. मार्च २०२२ मध्ये लीगचा लॉकआउट (मालकांनी खेळाडूंवर घातलेली टाळेबंदी) उठला आणि आठवडाभरात ख्रिस बॅसिट न्यूयॉर्क मेट्सकडे, मॅट ओल्सन अटलांटाला, मॅट चॅपमन टोरोंटोला गेले. एप्रिल उजाडताच शॉन मनायालाही सॅन डिएगोला पाठवलं. लोक ज्यांच्या नावाचे शर्ट घालून यायचे, ते खेळाडू असे एकामागून एक विकून टाकले. खेळाडूंच्या पगाराचा एकूण खर्च पाच कोटी डॉलरच्या आत आणला आणि हंगामी तिकिटांचे दर मात्र वाढवले. त्या वर्षी संघ १०२ सामने हरला, पुढच्या वर्षी ११२. हा माल जास्त पैसे देऊन घ्यायला लोक आले नाहीत, तर दोष लोकांचा कसा?

हे पहिल्यांदा घडलं असंही नाही. १९७२, १९७३ आणि १९७४ असे सलग तीन वर्ल्ड सीरिज, म्हणजे मेजर लीगची विजेतेपदं, जिंकणारा संघ चार्ली फिनली या मालकाने असाच मोडीत काढला. १९७९ मध्ये संपूर्ण हंगामात ३ लाख ७ हजार प्रेक्षकसुद्धा आले नाहीत. ‘ओकलंडमध्ये बेसबॉल मेलं’ असं तेव्हाही म्हणत होते. १९८० मध्ये लीव्हाय स्ट्रॉस कंपनीच्या हास कुटुंबाने संघ विकत घेतला, संघ बांधण्यावर आणि गावात माणसं जोडण्यावर पैसा लावला. १९८२ मध्येच आकडा सतरा लाखांवर गेला, १९८९ मध्ये वर्ल्ड सीरिज पुन्हा घरी आली. गाव तेच, मैदानही तेच. बदलला होता तो मालक. ‘चाचपडणारा संघ आपल्या गावात जगू शकतो का’ या प्रश्नाचं उत्तर ओकलंडने एकदा देऊन ठेवलेलं आहे.

आणि १३ जून २०२३ विसरून चालणार नाही. वेगासला जाणार हे जाहीर झालेलं, संघ गुणतक्त्याच्या तळाशी, वार मंगळवार. चाहत्यांनी ठरवलं की बहिष्कार घालायचा नाही, उलट सगळ्यांनी मिळून यायचं. कोलिझियमच्या बार्ट स्टेशनवरून मैदानात नेणारा तो लांब पादचारी पूल, कडेला खारे शेंगदाणे आणि कांदा घालून परतलेले हॉटडॉग विकणारे, आणि पार्किंगमध्ये वाटले जाणारे हिरवे टी-शर्ट. छातीवर एकच शब्द: सेल. संघ विका, असं मालक जॉन फिशर यांना सांगणं. २७,७५९ लोक आले. पाचव्या इनिंगला पहिला फलंदाज उभा राहिला तेव्हा सगळं स्टेडियम ठरवून गप्प उभं राहिलं, आणि तो खेळून झाल्यावर ‘सेल द टीम’चा जो गजर उठला तो टीव्हीवर समालोचकांच्या आवाजावरून ऐकू येत होता. तेव्हा लीगमध्ये अव्वल असलेल्या टँपा बे रेजला त्या दिवशी ओकलंडने २-१ हरवलं. सलग सातवा विजय. त्याच दिवशी तिकडे नेवाडाच्या सिनेटने वेगासच्या स्टेडियमसाठी सरकारी पैशाचं विधेयक मंजूर केलं.

‘एका खाडीत दोन संघ तगत नाहीत.’ हे म्हणणाऱ्यांनी जायंट्सचा इतिहास बघावा. १९९२ मध्ये गाव सोडायला निघाले होते ते जायंट्स. मालक बॉब ल्युरी यांनी संघ फ्लोरिडातल्या टँपा बेच्या लोकांना विकायचा करारही केला होता. कारण? कँडलस्टिक पार्कमधला बोचरा वारा, रोडावलेले प्रेक्षक, आणि नव्या स्टेडियमच्या प्रस्तावांना मतदारांनी पुन्हा पुन्हा दिलेला नकार. आज ओकलंडबद्दल जे बोललं जातं ते अक्षरशः सगळं तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोबद्दल बोललं जात होतं. फरक इतकाच की नोव्हेंबर १९९२ मध्ये नॅशनल लीगच्या (मेजर लीगमधल्या जायंट्सच्या गटाच्या) इतर मालकांनी स्थलांतर नाकारलं, पीटर मॅगोवन यांच्या गटाने संघ घेतला आणि खाजगी पैशातून पाण्याकाठी मैदान उभं केलं. २००० मध्ये ते खुलं झालं आणि जायंट्सचं नशीब पालटलं. ओकलंडच्या वेळी, नोव्हेंबर २०२३ मध्ये, तीसही मालकांनी एकमताने ‘जा’ म्हटलं.

यातली सल आणखी खोल आहे. जायंट्सना सॅन होजेकडे सरकता यावं म्हणून सँटा क्लारा कौंटीवरचा, म्हणजे तिथे संघ वसवण्याचा, हक्क त्यांना मिळू द्यायला ॲथलेटिक्सचे तेव्हाचे मालक हास यांनी एक पैसाही न घेता संमती दिली होती. जायंट्स तिकडे गेलेच नाहीत. पुढे ॲथलेटिक्सला सॅन होजेला जायचं होतं तेव्हा त्याच हक्कावर बोट ठेवून जायंट्सनी त्यांना अडवलं. सॅन होजे शहर कोर्टात गेलं, पण बेसबॉलला १९२२ पासून स्पर्धा कायद्यातून सूट आहे; ऑक्टोबर २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायलाही नकार दिला. त्याआधी फ्रीमाँटचा बेत झाला होता. जिथे आज आपण कॉस्टकोची खरेदी करतो त्या पॅसिफिक कॉमन्स भागात २००६ मध्ये स्टेडियम जाहीर झालं, आणि रहिवाशांचा विरोध व रखडपट्टीनंतर २००९ मध्ये गुंडाळलं गेलं. तेव्हा दुसऱ्या संघाला ‘जागा नव्हती’ ती लोकांच्या मनात नव्हे, लीगच्या नकाशावर.

महापालिकेवरचा आरोप थोडासा खरा आहे. कोलिझियमची अवस्था वाईट होती. २०१३ मध्ये सांडपाणी ड्रेसिंग रूममध्ये शिरलं होतं, आणि अमेरिकन फुटबॉलच्या रेडर्स संघाला परत आणण्यासाठी १९९६ पर्यंत सरकारी पैशातून जो अजस्र स्टँड चढवला त्याने बेसबॉल बघणाऱ्यांसमोरच्या टेकड्या कायमच्या झाकल्या. ती चूक शहराची आणि कौंटीची. पण ‘काहीच केलं नाही’? २०१८ मध्ये संघाने स्वतः हॉवर्ड टर्मिनल ही बंदराची जागा निवडली: ३५ हजारांचं मैदान, तीन हजार घरं, एकूण १२ अब्ज डॉलरचा प्रकल्प. जुलै २०२१ मध्ये नगर परिषदेने ६ विरुद्ध १ मतांनी अटींचा मसुदा मंजूर केला, फेब्रुवारी २०२२ मध्ये पर्यावरण अहवालाला मान्यता दिली, रस्ते आणि पुलांसाठी सरकारी अनुदानं मिळवली. बंदराच्या कामगारांच्या पोटावर पाय येईल का, रेल्वे रुळांपलीकडे हजारो माणसं सुरक्षित कशी जातील, हे प्रश्न विचारणं शहराचं कर्तव्यच होतं. बोलणी चालू असतानाच एप्रिल २०२३ मध्ये संघाने वेगासच्या जमिनीचा व्यवहार जाहीर केला. तिथे पदरात पडलं काय? नऊ एकर जागा आणि जास्तीत जास्त ३८ कोटी डॉलर सरकारी पैसा. आणि ओकलंडच्या जमिनीतही मालकाचं नुकसान झालेलं नाही: कोलिझियमच्या जागेतला कौंटीचा अर्धा हिस्सा संघाने साडेआठ कोटींना घेतला होता, तोच २०२४ मध्ये साडेबारा कोटींना विकायचा करार केला.

गुन्हेगारीबद्दल फार लिहायची गरज नाही. त्याच पार्किंगच्या दुसऱ्या टोकाला वॉरियर्सचे बास्केटबॉल सामने २०१२ अखेरपासून २०१९ मध्ये ते सॅन फ्रान्सिस्कोला जाईपर्यंत सलग हाऊसफुल्ल होते. ॲथलेटिक्सच्या २०१९ च्या वाइल्ड कार्ड या बाद फेरीच्या सामन्याला ५४,००५ माणसं आली. २६ सप्टेंबर २०२४ ला ओकलंडमधला शेवटचा सामना, गुरुवारी भरदुपारी, ४६,८८९ जणांनी पाहिला. आणि रेडर्सही वेगासला गेले ते गुन्हेगारीमुळे नव्हे, नेवाडाने ७५ कोटी डॉलर देऊ केले म्हणून.

राहता राहिला ‘मालकाचं काय चुकलं’ हा प्रश्न. २०२५ पासून हा संघ वेस्ट सॅक्रामेंटोच्या मायनर लीगच्या (खालच्या दर्जाच्या लीगच्या) मैदानात खेळतोय. जेमतेम चौदा हजारांची क्षमता, आणि पहिल्याच हंगामात सरासरी दहा हजारसुद्धा भरली नाही. नावापुढे शहरच उरलेलं नाही, नुसतं ‘ॲथलेटिक्स’. वेगासचं मैदान २०२८ मध्ये उघडेल असं सांगतात. इकडे ओकलंडमध्ये २०२५ च्या मार्चमध्ये रूट्स या सॉकर क्लबच्या घरच्या पहिल्या सामन्याला त्याच जुन्या कोलिझियममध्ये पंचवीस हजारांवर लोक आले. वेस्ट ओकलंडच्या रायमंडी पार्कमध्ये २०२४ पासून बॉलर्स हा नवा बेसबॉल संघ खेळतो. लीग छोटी आहे, पायोनियर लीग, पण संघाचे शेअर सामान्य चाहत्यांनी घेतले आहेत. दुसऱ्याच हंगामात, २०२५ मध्ये, बॉलर्सनी ती लीग जिंकली. १९८९ नंतर ओकलंडला मिळालेलं बेसबॉलचं हे पहिलं विजेतेपद.