‘मोबाईल काढून घ्या, पोरगं सुधारतंय’ वाल्या फॉरवर्डला उत्तर, जरा सविस्तर

गेल्या आठ दिवसांत तो मेसेज मला पाच ठिकाणांवरून आला. क्लासच्या पालकांच्या ग्रुपवर, तालमीच्या ग्रुपवर, दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर, मेव्हण्याकडून पर्सनलवर आणि कळस म्हणजे सोसायटीच्या ‘फक्त महत्त्वाच्या सूचना’ नावाच्या ग्रुपवर. ज्यांना आला नसेल (कोल्हापुरात असा कोण असेल तर त्याचा सत्कार करूया) त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो: मोबाईलमुळे पोरांचं लक्ष गोल्डफिशपेक्षा कमी झालंय, डब्ल्यूएचओनं मोबाईलचं व्यसन कोकेनच्या बरोबरीचं ठरवलंय, ऑस्ट्रेलियानं तर पोरांना मोबाईलच बंद केलाय, तुम्हीपण काढून घ्या, २१ दिवसांत पोरगं ताळ्यावर येतं, आमच्या वेळी नव्हतं असलं काय. आणि शेवटी टाळ्या घेणारा डायलॉग, की समुपदेशन ही श्रीमंतांची थेरं आणि ऑनलाईन समुपदेशन म्हणजे दारू सोडवायला माणसाला गुत्त्यात पाठवणं.

मी राजारामपुरीत नववी-दहावीचा गणित-विज्ञानाचा क्लास घेतो, चौदा वर्षं झाली. मोबाईलची वकिली करायला बसलेलो नाही, माझ्या क्लासच्या दारात प्लास्टिकची टोपली आहे, आत येताना फोन त्यात टाकायचा, दहा मिनिटं उशीर चालतो पण खिशात फोन चालत नाही. तरी त्या मेसेजखाली पालकांनी टाळ्यांचे इमोजी टाकलेले बघून राहवलं नाही.

गोल्डफिशपासून सुरुवात करू, सोपंय. २०१५ साली मायक्रोसॉफ्टच्या कॅनडातल्या जाहिरातवाल्या विभागानं एक रिपोर्ट काढला, त्यात माणसाचं लक्ष ८ सेकंद आणि गोल्डफिशचं ९ असं छापलं, आकडे घेतले होते दुसऱ्याच एका वेबसाईटवरून. २०१७ ला बीबीसीनं हा आकडा नेमका आला कुठून ते शोधायचा प्रयत्न केला तर त्यामागं कुठला अभ्यासच सापडला नाही. लक्षावर काम करणारे लोक म्हणतात की लक्ष अमुक सेकंद असं मोजताच येत नाही, ते कामावर अवलंबून असतं. ते आम्हाला शास्त्रज्ञांनी सांगायची गरज नाही खरंतर, पाटाकडील तालीम विरुद्ध प्रॅक्टिस क्लब अशी फुटबॉलची मॅच असली की हीच आठ सेकंदवाली पोरं शाहू स्टेडियमवर उन्हात नव्वद मिनिटं हलत नाहीत. त्रिकोणमितीला हलतात, तो माझा प्रॉब्लेम आहे.

कोकेनचं तर सरळ खोटं आहे. डब्ल्यूएचओच्या आजारांच्या यादीत, आयसीडी-११ मध्ये, ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे, ही यादी जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्यातसुद्धा गेमवरचा ताबा सुटलाय, बाकी सगळं मागं पडलंय, नुकसान दिसतंय तरी थांबत नाही, असं साधारण वर्षभर चाललेलं असलं तरच ते निदान होतं. सोशल मीडियाचं व्यसन असा वेगळा आजार त्या यादीत नाही. पोरगं दोन तास रील्स बघत बसलं म्हणजे आळशी झालं म्हणा, वाया चाललं म्हणा, तुमचं घर तुमचं पोरगं, पण डब्ल्यूएचओला मधी ओढू नका.

ऑस्ट्रेलिया. हे अर्धं खरं आहे म्हणून जास्त घातक. तिथं नोव्हेंबर २०२४ मध्ये कायदा झाला आणि १० डिसेंबर २०२५ पासून लागू झाला, पण बंदी मोबाईलवर नाही, १६ वर्षांखालच्या पोरांनी ठराविक सोशल मीडियावर अकाउंट ठेवण्यावर आहे. आणि दंड कुणाला, तर कंपन्यांना, जवळजवळ पाच कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. पोरांना नाही, आईबापांनाही नाही. म्हणजे त्या सरकारनं पोराला नाही पकडलं, ज्यानं ते ॲप असं बनवलं त्याला पकडलं. फॉरवर्डनं ते उलटं करून दाखवलं. बाय द वे, व्हॉट्सॲप त्या बंदीत नाही, त्यामुळं तिकडंपण असले मेसेज फिरत असणारच.

आता जिथं फॉरवर्डवाल्याचं बरोबर आहे ते पण सांगतो, नाहीतर म्हणाल सर एकांगी लिहितात. सोशल मीडियानं पोरांना त्रास होतो हे खरंय. फेसबुक २००४ ला हार्वर्डमध्ये सुरू झालं आणि एकेक करत अमेरिकेतल्या इतर कॉलेजांत गेलं, कुठं आधी कुठं नंतर, त्यामुळं तुलना करता आली आणि २०२२ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात निघालं की जिथं फेसबुक पोचलं तिथं विद्यार्थ्यांचं मानसिक आरोग्य घसरलं, आणि कारण मुख्यतः दुसऱ्याशी तुलना. २०२१ मध्ये फेसबुकचीच आतली कागदं बाहेर आली, त्यात त्यांच्याच लोकांनी लिहिलेलं की दर तीनातल्या एका मुलीचं स्वतःच्या शरीराबद्दलचं वाईट वाटणं इन्स्टाग्राम वाढवतं. दुसऱ्या बाजूला २०१९ मध्ये ऑक्सफर्डच्या दोघांनी साडेतीन लाखांवर पोरांचा डेटा तपासला तर पोरं बरी-वाईट असण्यातला जास्तीत जास्त ०.४ टक्के फरक स्क्रीनशी जोडलेला निघाला. दोन्ही खरं असू शकतं, कारण सरासरी पोरगं ठीक असतं आणि एखादं बुडत असतं. सगळ्यांचा मोबाईल काढून घेतला म्हणून ते एखादं सापडत नाही, ते आणखी खोल जातं. माझं सगळं भांडण ह्या एका गोष्टीवर आहे.

मागच्या वर्षीची गोष्ट, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. दहावीची एक मुलगी, पहिल्या बाकावरची, अचानक शेवटच्या बाकावर जाऊन बसायला लागली. मी म्हटलं मैत्रिणीशी भांडण झालं असेल. एक दिवस क्लास सुटल्यावर थांबली, सर एक डाऊट आहे म्हणाली, वही उघडली, वहीत काहीच नव्हतं. कंपासपेटीचं झाकण नुसतं उघड-मीट उघड-मीट करत होती. मग सांगितलं. कुणीतरी तिच्या नावानं फेक अकाउंट काढलेलं, तिचाच गॅदरिंगचा फोटो लावून, आणि त्याखाली जे लिहिलेलं ते मी इथं लिहित नाही. सव्वीस दिवस चाललेलं होतं ते, तिनं दिवस मोजलेले. मी विचारलं घरी सांगितलंस? तर मान हलवली. का नाही? ‘सांगितलं तर पप्पा मोबाईल काढून घेतील सर, मग मला कळणारच नाही की अजून काय काय लिहितायत.’

हे वाक्य नीट वाचा. वडील वाईट नाहीत, भला माणूस आहे, मला रस्त्यात थांबून चहा पाजतो. पण घरात ‘मोबाईल काढून घेईन’ ही एकच शिक्षा असली की पोराच्या डोक्यात पक्कं बसतं, काय पण झालं तरी सांगायचं नाही. शिक्षेच्या भीतीनं तोंड बंद होतं, मोबाईल नाही. कारण मोबाईल मिळतोच. दुसऱ्या एका पोराच्या बापानं फोन भिंतीवर आपटून फोडला, तर त्यानं दोन हजाराला सेकंडहँड घेतला आणि तो सायकलच्या सीटखाली पिशवीत गुंडाळून ठेवायचा. घरी चार महिने सगळे खूश, पोरगं सुधारलं म्हणून.

आणि ते २१ दिवस. ते आलंय १९६० सालच्या एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या लिखाणातून, मॅक्सवेल माल्ट्झ त्याचं नाव, त्यानं नोंदवलेलं की ऑपरेशननंतर पेशंटला नव्या चेहऱ्याची सवय व्हायला कमीत कमी २१ दिवस लागतात. नाकाच्या ऑपरेशनचा हिशोब आपण पोरांना लावतोय! पुढं लंडनमध्ये सवयींवर अभ्यास झाला तर नवी सवय अंगवळणी पडायला मध्यम आकडा ६६ दिवस निघाला, कुणाला १८ तर कुणाला २५४.

कुणीतरी खाली कमेंटमध्ये लिहिलेलं, मग सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावचं काय, तिथं तर भोंगा वाजवून मोबाईल बंद करतात. करतात की. २०२२ च्या १५ ऑगस्टपासून, संध्याकाळी सातला भोंगा, दीड तास टीव्ही-मोबाईल बंद. पण ते सगळ्यांचे बंद होतात हो, बापाचा पण आणि आईची सिरीयल पण. शिवाय शिक्षक, अंगणवाडीताई घरोघर फिरल्या तेव्हा कुठं ते बसलं. तुम्ही पोराचा काढून घेऊन स्वतः त्याच्या शेजारी बसून हा फॉरवर्ड पुढं ढकलताय, त्याला वडगाव म्हणत नाहीत.

‘आमच्या वेळी नव्हतं’ ह्याला एका ओळीत उत्तर: होतं, कुणी विचारत नव्हतं. माझ्या बॅचमधला एक जण दहावीच्या निकालादिवशी रंकाळ्यावर सापडला, काठावर बसलेला, नशीब आमचं. तेव्हा कुणाकडं मोबाईल नव्हता.

आता गुत्ता. हा डायलॉग भारी आहे, मान्य, मी पण आधी हसलो. पण रस्त्यावर ॲक्सिडेंट होतो म्हणून ॲम्ब्युलन्स शेतातून आणायची का? ती पण रस्त्यावरूनच येणार. ज्यानं कुणी लिहिलंय त्याला ऑनलाईन समुपदेशन म्हणजे रील्स बघत बघत उपदेश ऐकणं वाटतंय. तर केंद्र सरकारची टेलि-मानस नावाची सेवा आहे, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, नंबर १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. त्याला स्मार्टफोन लागत नाही, नेट लागत नाही, आजीच्या बटणाच्या फोनवरून लागतो. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतो, गरज असली तर पुढं मानसोपचारतज्ज्ञाकडं जोडून देतात. शालेय पोरांसाठी मनोदर्पण म्हणून वेगळी हेल्पलाइन आहे, ८४४८४४०६३२, ती २०२० च्या जुलैमध्ये कोरोनात सुरू झालेली.

आणि ‘श्रीमंतांची थेरं’ म्हणताय तर हिशोब उलटा आहे. भारतात लाख लोकांमागं एक मानसोपचारतज्ज्ञ पण नाही, ०.७५ भरतो, आणि जे आहेत ते शहरात. श्रीमंत माणूस गाडी काढून पुण्याला जाऊन येतो, कुणाला पत्ता लागत नाही. चंदगडच्या पोरीनं काय करायचं? शंभर किलोमीटरच्या वर एसटीनं कोल्हापुरात येऊन सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत नंबर लावायचा, बापाची त्या दिवसाची हजेरी बुडवून, आणि रांगेत गावातलाच कोणतरी भेटणार, ‘अगं तू कुणाची गं?’ कोल्हापुरात सगळ्यात मोठी अडचण पैशाची नाहीच, ओळखीची आहे. सकाळी दवाखान्याच्या पायरीवर दिसलात की संध्याकाळी मावशीचा फोन, पोरीला काय झालंय म्हणून. फोनवर ती पायरी चढावी लागत नाही.

त्या मुलीनं फोन माझ्या क्लासमधूनच लावला. तिनं आधी मला विचारलं, सर, नाव सांगावं लागतं का? मग जिन्यात जाऊन बसली, चपलांच्या स्टँडशेजारी, दार अर्धं लोटून. मी आत फळा पुसला. पुसलेला फळा परत पुसला. पस्तीस-चाळीस मिनिटं झाली असतील, पुढची बॅच खाली येऊन उभी राहिली, त्यांना मी वडापावला पैसे देऊन पिटाळलं. आत आली तेव्हा डोळे सुजलेले होते पण पहिलं वाक्य काय, ‘सर, त्या मॅडम म्हणाल्या स्क्रीनशॉट डिलीट करू नको.’ ती रोज रात्री डिलीट करत होती सगळं, घाण वाटते म्हणून. पुढं त्या मॅडमनीच तिला शिकवलं घरी कसं सांगायचं ते, आधी आईला, मी शेजारी असताना, आणि पहिल्याच वाक्यात ‘मोबाईल काढून घेऊ नका’ म्हणायचं. मग वडिलांनी स्वतः सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली, तिथं महिला आणि मुलांसाठी वेगळा विभाग आहे. अकाउंट गेलं. कुणी काढलेलं ते शेवटपर्यंत कळलं नाही, हे पण सांगून टाकतो.

ऑनलाईनला मर्यादा आहेत आणि त्या लपवून मी पण फॉरवर्डवाल्यासारखं वागणार नाही. जिवावरचा प्रसंग असला तर फोनवर भागत नाही, माणूस शेजारी पाहिजे आणि दवाखाना पाहिजे. घरात एकच खोली असली तर पोरगं बोलणार कुठं बसून, हा लय मोठा प्रश्न आहे (जिना सगळ्यांना मिळत नाही). उदासी-चिंतेवरच्या ऑनलाईन उपचारांचे निकाल समोरासमोरच्या बरोबरीचे आलेत खरे, पण बरेचसे अभ्यास मोठ्या माणसांवरचे आहेत. आणि इन्स्टावर ९९९ रुपयांत ‘माइंड रीसेट’ करून देणारे जे कोच बसलेत ते समुपदेशक नव्हेत. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी असते, बिनधास्त नंबर मागा, खरा असेल त्याला राग येत नाही.

जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथं पात्र समुपदेशक नेमा, कोचिंग क्लास पण आले त्यात. माझ्याकडं ६२ पोरं, म्हणजे समुपदेशक नेमण्यातून कागदावर मी सुटलो. तुमच्या पोराच्या शाळेत किती आहेत आणि समुपदेशक कोण आहे, एवढं एकदा विचारून बघा. २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे आणि राज्यांत पहिला नंबर महाराष्ट्राचा.

तर हे सगळं मी काल क्लासच्या ग्रुपवर टाकलं, एवढं मोठं नाही, चार मुद्दे आणि १४४१६. तीन अंगठे आले. मग एकानं गुरुपौर्णिमेच्या ॲडव्हान्स शुभेच्छा टाकल्या, त्याखाली कुणीतरी फ्लॅट भाड्याने देणे आहे. रात्री अकराला पर्सनलवर मेसेज, फॉरवर्डखाली सगळ्यात जास्त टाळ्या टाकणाऱ्या गृहस्थांचा. ‘सर तो नंबर परत पाठवा, वर गेला. मराठीत बोलतात ना नक्की?’